निशाणी वल्हे

भाचीच्या जात पडताळणीला जुना पुरावा हवा होता
म्हणून मी देवगडच्या तहसील कचेरीत
लागोपाठ तीन मंगळवार बसले.
अभिलेख कक्षात पंखा एकच,
तोही कागद उडू नयेत म्हणून बंद.
शिपाई म्हणाला, तारी ना? मग खाडीकडच्या गावांचं कोतवाल बुक बघा.

तारी.
शाळेत मुलं मागून ओरडायची,
देव तारी त्याला कोण मारी,
आणि मारायची.

चौथ्या बुकात पणजोबा सापडले:
जिवा बिन सोमा तारी, जात गाबीत.
मोडी वाचणारे तिरवडेकर मास्तर, पानाला पन्नास रुपये,
त्यांनी 'गाबीत'खाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढली.
झालं तुमचं काम.
अर्जाला एवढं पुरतं.

पण पान मयतांचं होतं.
मी म्हटलं, पुढचं वाचा.
मास्तरांनी भिंग शर्टाच्या टोकाला पुसलं.

सगुणा, नवरा जिवा, वय सव्वीस.
भिकी, बाप जिवा, वय सात.
तारीख दोघींची एकच, वैशाखातली अवस,
पाणी लांब ओसरतं आणि धावत परत येतं तो दिवस.
कारण: खाडीत मुळे काढता भरती लागून बुडून.

आमच्यात मुळे खात नाहीत.
वहिनीने नवी असताना एकदा आणले टोपभर,
काकीने टोपासकट परसात ओतले.
'देवाक सोडलेले हत.'
कुठल्या देवाला
ते देव्हाऱ्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हाळाला आम्ही पान वाढतो ते द्वारकीचं,
पणजी म्हणून आम्हाला तीच माहीत.
सगुणा त्या दिवशी चिखल धुऊन घरी आली असती
तर द्वारकी ह्या उंबऱ्यावर माप ओलांडायला आलीच नसती
आणि आज ह्या टेबलापाशी
कुणीच बसलेलं नसतं.

आणि भिकी. हे तर मागून घेतलेलं नाव.
आधीची जगत नाहीत तेव्हा असं ठेवतात.
म्हणजे आधीचीही होती.
ती कुठे असतील, मी विचारलं.
मागच्या बुकात, मास्तर म्हणाले.
पैशांचं काही बोलले नाहीत.

शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द:
'तर' आणि 'न',
आणि 'न'च्या पुढे, वर, सगळीकडे कसरीने पाडलेलं भोक.
मास्तर म्हणाले, 'तर नव्हती' असेल.
मग थांबून म्हणाले, किंवा 'तर नेली'.
मात्रा असली तर ती भोकात गेली.
नेली तर कुणी, कुणासाठी, पैलतीराला कोण एवढं घाईत होतं?
गावात तर हाकणारा एकच माणूस,
आणि खबर देणाराच्या रकान्यात
नाव त्याचंच.
सहीच्या जागी निशाणी वल्हे.

वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात चौकटी असतात.
सोमाखाली जिवा, जिवाखाली आजोबा,
बापये बापयांखाली, माडाच्या खुणांसारखे.
मी समासात लिहिलं सगुणा, लिहिलं भिकी.
नोटरी म्हणाला, बाहेरचं चालत नाही,
नवा कागद आणा.
आणला.

जुना घरी नेला, झेरॉक्ससकट.
बाबा पडवीत जाळं शिवत होते.
मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही.
बराच वेळाने म्हणाले,
'त्या चेडवाचा नाव काय म्हटलंस?'
भिकी.
'भिकी,' ते म्हणाले, जाळ्याकडे बघत.

मग चष्मा लावून त्यांनी झेरॉक्स उजेडाकडे धरली,
खालची निशाणी अंगठ्याने चाचपली,
कागद फिरवला, पुन्हा सरळ केला.
'पाता वर काढल्यान हा,' म्हणाले.
'उलट्या वल्ह्यान होडी चलणा नाय.
ह्या त्येका म्हायत होता.'
आणि सुईत दोरा ओवायला
माझ्याकडे दिला.